चिंतेचं उद्यापन

माझ्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. ते सासूबाईंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘मणक्याचं’ करून टाकलं. मणक्याचं म्हटलं की लोक लगेच समजल्यासारखी मान हलवतात, कारण प्रत्येकाच्या ओळखीत कुणाचा ना कुणाचा मणका बिघडलेला असतोच. माझा मणका खरं तर जागच्या जागी होता. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की, वायरवरचं प्लॅस्टिक कुरतडलं गेलं की करंट नीट जात नाही, तसं हिच्या नसांवरचं आवरण कुरतडलं जातंय. सासूबाईंनी विचारलं, “कोण कुरतडतंय?” डॉक्टर म्हणाले, “तिचंच शरीर.” त्या दिवसापासून त्या माझ्याकडे जरा संशयानंच बघायला लागल्या.

पहिल्या झटक्यात डावा डोळा अंधुक झाला. वर्षभरानं दुसरा झटका आला, त्यात उजवा पाय गुडघ्याखाली जणू दुसऱ्याच कुणाचा झाला. सलाइनमधून औषधं गेली, इंजेक्शनं सुरू झाली, डोळा आणि पाय दोन्ही बरेचसे परत आले. नेरळच्या शाळेतली नोकरी मात्र परत आली नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मी दिसायला ठणठणीत असते. बायका म्हणतात, “तुम्हाला काही झालंय असं वाटतच नाही हो.” हे कौतुक आहे की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

झटका पुन्हा कधी येईल आणि येताना काय घेऊन जाईल, हे कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे मी चोवीस तास पहाऱ्यावर बसले. मांडी घालून बसलं की सगळ्या जगाच्या पायाला मुंग्या येतात. माझ्या पायाला आल्या की मला घाम फुटायचा. डोळ्यात कचरा गेला तरी मी एक डोळा झाकून समोरच्या इमारतीचे मजले मोजायची. झोप उडाली, जेवण कमी झालं, आणि नवऱ्यावर ओरडणं फार वाढलं.

या सगळ्या भीतीच्या तळाशी एकच भीती होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. मरणाची नव्हती ती. एक दिवस मी अंथरुणाला खिळेन, मला आंघोळ घालायला माणूस लागेल, आणि ते माणूस म्हणजे सासूबाई असतील, ही ती भीती. नवरा बिचारा चांगला आहे, पण तो उजाडायच्या आत कंपनीच्या बसनं खालापूरला जातो. मुलगी शिकायला पुण्यात. उरल्या सासूबाई. ज्या बाईसमोर मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी केस मोकळे सोडून बसले नाही, तिच्यासमोर मी उघडी बसायचं आणि तिनं माझ्या अंगावर तांब्यानं पाणी घालायचं, ही नुसती कल्पनाही मला सोसवत नव्हती.

डॉक्टरांनी माझा चेहरा बघून सांगितलं की नसांचं आम्ही बघतो, मनासाठी समुपदेशन घ्या. या आजारात बायकांना चिंतेचा त्रास पुष्कळदा होतो, बोलण्याच्या उपचारानं तो कमीही होतो, असं म्हणाले. उपचार व्हिडिओ कॉलवर होता. दर गुरुवारी दुपारी एक तरुण मुलगी कानाला हेडफोन लावून मोबाइलमध्ये यायची आणि मला “कशा आहात, ताई?” असं विचारायची. पोरगी खरोखर चांगली होती. अडचण आमच्या फ्लॅटची होती.

शेलूच्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या जाहिरातीत घराघरातून डोंगर दिसेल असं लिहिलं होतं. डोंगर दिसतो. रेंज दिसत नाही. ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, आणि स्वयंपाकघरात सासूबाई असतात. पोशीरचं घर आणि शेत दिरांकडे देऊन त्या माझ्या आजारपणात आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हापासून त्या खिडकीखालची जागा त्यांचीच आहे. तिथं बसून त्या भाजी निवडतात, तांदूळ पाखडतात आणि खाली कोण कुणाशी बोलतंय ते पाहतात.

पहिल्या गुरुवारी ती मुलगी म्हणाली, “ताई, आपल्यातलं सगळं बोलणं गोपनीय राहील. अगदी मोकळेपणानं बोला.”

“हां हां,” सासूबाई गवार मोडता मोडता म्हणाल्या. “आमी कुणाला नाय सांगणार.”

मग तिनं विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी मोबाइलकडे पाहिलं, गवारीकडे पाहिलं आणि म्हणाले, “जिन्याची.”

झालं. ती मुलगी जिन्याच्या मागे लागली. भीतीचे विचार आले की त्यांना पुरावा मागायचा, अशी तिची पद्धत होती. “मी जिन्यात पडेन हा नुसता विचार आहे, ताई. वस्तुस्थिती नव्हे. याला पुरावा काय?” मी काही बोलायच्या आत मागून उत्तर आलं, “परवाच पडली की. दुधाची पिशवी घेऊन.” मुलगी म्हणाली की आपण पुढच्या वेळी दुसरा व्यायाम करू.

दुसरा व्यायाम शरीराकडे शांतपणे लक्ष देण्याचा होता. डोळे मिटायचे आणि पायाच्या अंगठ्यापासून लक्ष हळूहळू वर आणायचं. “उजव्या अंगठ्यात काय जाणवतंय?” तिनं मऊ आवाजात विचारलं. उजव्या अंगठ्यात काहीच जाणवत नव्हतं. म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चालला होता. मी प्रामाणिकपणे अंगठ्याची वाट बघत बसले. तेवढ्यात बाजूला संथ घोरणं सुरू झालं. सासूबाईही डोळे मिटून अंगठ्याकडे लक्ष देत होत्या, ते मला माहीत नव्हतं. “छान,” मुलगी म्हणाली, “श्वास किती खोल चाललाय बघा.”

त्यानंतर तिनं चिंतेची वेळ आणली. सोपं होतं. दिवसभर चिंता मनात आली की तिच्याशी भांडायचं नाही, तिला म्हणायचं, संध्याकाळी ये. रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त चिंता करायची. वेळ तीच, जागा तीच, बिछाना नको आणि जेवायची जागाही नको. अर्धा तास झाला की उठायचं. “नियमितपणा महत्त्वाचा, ताई. एकही दिवस चुकवू नका.”

मला ती कल्पना आवडली. संध्याकाळी पाचची वेळ ठरवली आणि हॉलमधली गॅलरीजवळची खुर्ची ठरवली. पण स्वयंपाकघरात आणखी एक बाई हे ऐकत होती, आणि तिनं जन्मभर सोमवार, शुक्रवार आणि चातुर्मास पाळले होते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, खंड पडायचा नाही. असल्या गोष्टीला सासूबाईंच्या जगात एकच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी पाचला मी हॉलमध्ये गेले तर खुर्ची हलवून पूर्वेकडे तोंड करून ठेवलेली. खाली फरशी पुसलेली. “हातपाय धुतलेस का?” सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, “आई, हे तसलं काही नाही. हा उपचार आहे.” “असू दे ना उपचार,” त्या म्हणाल्या, “हातपाय धुवाया काय पैशे पडतात?” मी हातपाय धुऊन चिंता करायला बसले.

पुढच्या गुरुवारी मुलीनं विचारलं की काही अडचण येते का. मी नाही म्हणणार, तोच सासूबाईंनी हात पुसले आणि मोबाइल स्वतःकडे वळवला. “बाई, एक इचारायचं होतं. हिचे ते चार दिवस आले, तर चिंता करायची का नाय? का दुसऱ्या कुणी हिच्या जागी बसायचं?”

ती मुलगी चांगल्या कॉलेजात शिकलेली होती, पण हा प्रश्न तिच्या अभ्यासक्रमात नसावा. तिनं ओठ घट्ट दाबले आणि म्हणाली, “आजी, चारही दिवस करायची. आणि त्यांचीच त्यांनी करायची.” सासूबाईंना ते कडक वाटलं, पण पटलं.

मग ते इमारतभर झालं. “आमच्या सुनेनं नेम धरलाय,” हे त्यांनी खाली कट्ट्यावर सांगितलं. कशाचा, असं विचारल्यावर “चिंतेचा” म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे कुणी हसलं नाही. पहिली आली ती समोरच्या दारातली भाभी. तिच्या नवऱ्याचं शिळफाट्याला हार्डवेअरचं दुकान आहे आणि माहेर खालापुराकडचं. दुपारनंतरची अस्रची नमाज उरकून ती आली, दारात चप्पल काढली आणि म्हणाली, “मावशी, मीपण बसू का? माझ्याकडं तर चिंतेचा ढीग हाय.” मग दुसऱ्या मजल्यावरची आली, टेरेसखालची आली. आठवड्याभरात सतरंजी अंथरावी लागली. सासूबाई पाचच्या ठोक्याला चहा ठेवायच्या, कारण घरी आलेल्या बाईला कोरड्या घशानं चिंता करू देणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

अर्ध्या तासात मी काय काय ऐकलं, सांगू? टँकरचं पाणी खारं लागतं. बिल्डरनं लिफ्टचं काम अर्धवट सोडलंय. भाभीच्या मुलाला आखातात जायचंय आणि तिचा जीव वरखाली होतोय. एकीच्या जावेनं हळदीकुंकवात तिला सोडून सगळ्यांना मोठं भांडं वाटलं. मी पूर्वेकडे तोंड करून एमआरआयमध्ये दिसलेल्या माझ्या मेंदूवरच्या पांढऱ्या डागांची पाळी कधी येते याची वाट बघायची, तोवर साडेपाच व्हायचे आणि सासूबाई टाळी वाजवून म्हणायच्या, “चला, झाली वेळ. ऱ्हायलेली उद्या.”

स्वतः मात्र त्या कधी काही बोलल्या नाहीत. भाभीनं एकदा विचारलंही, “मावशी, तुमची सांगा की एखादी.” “मला कसली गं चिंता,” त्या म्हणाल्या आणि कप गोळा करायला लागल्या.

आणि मला हे कबूल करायला अजूनही जड जातं की उपचार लागू पडला. पायाला मुंग्या आल्या की मी चिंतेला सरळ सांगायला लागले, पाचला ये. ती येते तोवर बहुतेक वेळा मुंग्या गेलेल्या असायच्या. झोप लागायला लागली. समोरच्या इमारतीचे मजले मोजणं थांबलं. नवरा एके दिवशी घाबरत घाबरत म्हणाला, “हल्ली तू ओरडत नाहीस फार.” समुपदेशक मुलगी खूश झाली. जिना तर मी इतका उत्तम चढायला लागले की तिनं त्याबद्दल माझं दोनदा अभिनंदन केलं.

फक्त ती एक भीती होती तिथंच होती. टँकर आणि भांड्यांच्या रांगेत ती उभी राहत नव्हती. चहाचा कप माझ्या हातात देणाऱ्या त्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं की मला त्यांत तांब्या दिसायचाच. आणि ती बोलून दाखवायची झाली तरी कुठं दाखवणार? उपचाराच्या वेळी त्या शेजारी, चिंतेच्या वेळी त्या यजमानीण.

वैशाख लागला तशी ती मुलगी म्हणाली, “ताई, आता आपण थांबू शकतो. जे शिकलात ते तुमचं तुम्ही चालू ठेवा.” मी तिचे आभार मानत होते, तेवढ्यात सासूबाई पुढे वाकल्या. “मग उद्यापन कवा करायचं?”

मुलीनं मला विचारलं, उद्यापन म्हणजे नक्की काय करतात. मी सांगितलं की नेम पुरा झाला की सवाष्णी जेवू घालतात, ओट्या भरतात. ती जरा विचार करून म्हणाली, “खरं तर चांगलं आहे. शेवट नीट होतो.” म्हणजे तीही त्यांच्याच बाजूची निघाली.

पुढचा शुक्रवार ठरला. पाच सवाष्णींत भाभी कशी चालेल, असं दुसऱ्या मजल्यावरची कुजबुजली. सासूबाईंनी तिला विचारलं, “तिचा नवरा हाय ना? मग झाली सवाष्ण.” विषय संपला. नंतर पुरणाचा घाट घातला गेला. मला स्वयंपाकघरात यायचं नाही अशी ताकीद होती, कारण उष्णतेनं माझे पाय ढिले पडतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण माझ्याच चिंतेचं उद्यापन आणि मी पंख्याखाली बसून बघायचं, हे मला पटेना. मी हट्टानं पोळ्या लाटायला बसले. वैशाखातली दुपार, दोन शेगड्या पेटलेल्या आणि समोर तवा. चारनंतर अंगातून नुसत्या धारा लागल्या, म्हणून उठले आणि पुन्हा आंघोळीला गेले.

बादली भरलेली होती. उद्यापनाची आंघोळ म्हणून सासूबाईंनी तिच्यात चांगलं कढत पाणी काढून ठेवलं होतं. गरम पाणी नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ते मला पाठ होतं. पण बाहेर बेल वाजत होती, बायका यायला लागल्या होत्या, नळाला करंगळीएवढीच धार होती, आणि मी घाईत त्यातलंच पाणी अंगावर घेतलं. साबण लावून उठायला गेले तर पाय उठले नाहीत. दोन्ही. डोळ्यांपुढं भिंतीच्या टाइल्स एकमेकींत मिसळल्या.

मी शिकल्याप्रमाणे स्वतःला सांगितलं, हा झटका नव्हे, ही उष्णता आहे, गार झालं की जाईल. पुरावा आहे, पूर्वी दोनदा असंच झालंय. डोक्याला ते पटलं. श्वासही नीट चालला होता. पायांवर मात्र त्या उपचाराचा काही परिणाम झाला नाही. मी साबण लावलेल्या अंगानं फरशीवर बसून राहिले आणि बाहेरचा टँकरचा विषय ऐकत राहिले.

“आटपलं का गं?” सासूबाईंनी बाहेरून विचारलं. दाराला आतून कडी लावायची नाही हे पहिल्या झटक्यापासून ठरलेलं होतं. दार उघडलं.

त्यांनी मला बघितलं. नंतर वळून हॉलकडे म्हणाल्या, “तुमी चालू करा गं, आमी येतो.” आत येऊन दार लोटलं, लुगडं वर खोचलं, बारीक धारेखाली दुसरी बादली लावली आणि गार पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. मग दुसरा.

“आई,” मी म्हणाले, “माझी चिंता हीच होती. जिन्याची कधीच नव्हती. तुम्हाला मला आंघोळ घालावी लागेल, ही होती.”

त्या पाणी ओतत राहिल्या. बादलीत पाणी साचायला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात त्या म्हणाल्या, “मी धरून चाललेली का मी हातरुणाला पडेन आन् तू घालशील. डॉक्टर बोलला ना तुझं, तवा पयला इचार तुझा नाय आला मला. माझाच आला. म्हटलं, आता माझं कोण करणार?” तांब्या बुडवून म्हणाल्या, “रोज पाचला तेच यायचं मनात. कसं बोलणार? तुझ्या नेमात माझी चिंता.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या आजाराबद्दल मला खरं सांगत होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. अंगावर पाणी होतं, त्यामुळे ते दिसलं नाही.

“आता आलेच हाय तर,” असं म्हणून त्यांनी घासणी उचलली आणि माझी पाठ घासायला घेतली. या क्षणी मी लाजेनं मेले असते असं मला तीन वर्षं वाटत होतं. लाज आलीच नाही. राग आला. त्या पितळेचं पातेलं घासावं तशी पाठ घासत होत्या.

“हळू ना, आई. सालटी निघतील.”

“घाण निघतेय ती. तू माझी घासशील तवा घास तुला हवी तशी.”

“घासीन,” मी म्हणाले. “पण मला उकिडवं बसता येणार नाही. स्टूल लागेल.”

त्यांनी बाथरूमभर नजर फिरवली, जागा किती आहे ते पाहिलं.

“दोन घेऊ,” त्या म्हणाल्या.